वीजबिल उतरवायचं तर वरची युनिटं आधी कापा

महावितरणच्या बिलात सगळी युनिटं एका भावाची नसतात. पहिली शंभर स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुप्पट भावाची, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि पाचशेच्या वरची सर्वांत महाग. हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, पण बचत करायला बसलं की आपण ते विसरतो आणि मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्यापासून सुरुवात करतो. या लेखातला सगळा हिशोब एकाच गोष्टीवर उभा आहे: तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून आधी तो टप्पा कोणता, ते बघायचं आणि तिथली युनिटं कोण खातंय, ते शोधायचं.

२०२४-२५च्या दरपत्रकाचे आकडे घेऊ. पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३००ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५००ला १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम पहिल्या टप्प्यात युनिटमागे ६ रुपये ८२ पैसे, दुसऱ्यात १३ रुपये २९ पैसे आणि तिसऱ्यात १८ रुपये २४ पैसे. जुलै २०२५पासून दर बदलले आहेत, शिवाय मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर निराळे. तेव्हा आजचे आकडे तुमच्याच बिलावरून घ्या. टप्प्याटप्प्यांतल्या फरकाचा अंदाज यायला मात्र हे पुरेसे आहेत. (गोव्यात वीज बरीच स्वस्त आहे. तिथल्या वाचकांनी इथल्या रुपयांच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून युनिटं तेवढी बघावीत.)

महिन्याला २८० युनिटं वापरणाऱ्या घराचं बिल या दराने स्थिर आकार धरून साधारण ३,२२० रुपये येतं. त्यात पहिल्या शंभर युनिटांचे जेमतेम ६८० रुपये, उरलेल्या १८० युनिटांचे जवळजवळ २,४०० रुपये. या घराने ६० युनिटं कमी केली, तर ८०० रुपये वाचतात. वापर उतरला एकवीस टक्के, बिल उतरलं पंचवीस टक्के. तीनशेच्या वर गेलेल्या घरात हा फरक आणखी ठळक दिसतो.

पहिलं काम: मीटरजवळ उभं राहा

काही विकत घेण्याआधी मोजा. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० असतं. अर्थ सोपा: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं.

आता घरातले दिवे, पंखे, टीव्ही, गिझर, सगळं एरवी बंद करता तसं बंद करा. फ्रिजचा प्लग तेवढा काढून ठेवा. मीटरपाशी जाऊन घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२००च्या मीटरवर त्या आकड्याला १८.७५ने गुणलं की वॅट मिळतात, १६००च्या मीटरवर ३७.५ने गुणायचं. फ्लॅटमध्ये मीटर जिन्याखालच्या खोलीत असतो, त्यामुळे एकजण वर आणि एकजण खाली फोनवर, अशी जोडी लागते. पोरांना हे काम फार आवडतं.

समजा, ‘सगळं बंद’ असताना मिनिटाला चार लुकलुकाट दिसले. म्हणजे ७५ वॅट. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला ५४ युनिटं, जी कुणीच वापरली नाहीत. आता घरात एकेक प्लग खरोखर काढत जा आणि मीटरचा वेग कुठे पडतो ते बघा. बहुतेक वेळा सापडतो तो सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा आत जागाच असतो आणि दहा वॅटच्या आसपास खात राहतो, म्हणजे महिन्याला सात युनिटं. भिंतीवरचं बटण बंद करणं हाच त्यावर उपाय. दुसरा संशयित म्हणजे इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी. ती कधी भरतच नाही, म्हणून चार्जर कधी थांबत नाही. बॅटरीत पूर्वीपेक्षा वारंवार डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल, तर ही शंका पक्की करून घ्या.

सगळे प्लग काढले, एमसीबी मात्र चालूच आहेत आणि दिवा तरीही लुकलुकतोय, तर कुठेतरी विजेची गळती असू शकते. मेन स्विच पाडूनही लुकलुकत असेल, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा लोड आहे किंवा मीटरच बिघडलाय. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे होतं. या दोन्ही वेळी आपण हात न घालता वायरमनला बोलवायचं आणि मीटरबद्दल रीतसर लेखी तक्रार द्यायची.

आणि तो मोबाइलचा चार्जर? नुसता लावून ठेवलेला चांगला चार्जर महिनाभरात पाव युनिटसुद्धा खात नाही. त्यावरून घरात भांडणं करू नका.

आंघोळीचं पाणी: हिवाळ्यातलं खरं बिल

आपल्याकडे खोली तापवायचा खर्च फारसा नसतो, पाणी तापवायचा असतो. त्याचा हिशोब एका ओळीत मावतो: लिटर गुणिले तापमानातली वाढ, भागिले ८६०, बरोबर युनिट. गिझर कुठल्याही कंपनीचा असो, बादलीत रॉड टाका नाहीतर नळाला इन्स्टंट गिझर लावा, पाण्यात उष्णता घालायला लागणारी वीज तेवढीच. म्हणून ‘आमचा गिझर कमी वीज खातो’ या दाव्याला फारसा अर्थ नाही. फरक पडतो तो पाणी किती वापरता, किती तापवता आणि तापलेलं किती वेळ ठेवता, यामुळे.

डिसेंबरात पुण्या-नाशिककडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असतं. आंघोळीला ४० अंश पुरतात. १८ लिटरच्या बादलीला १८ × २० ÷ ८६०, म्हणजे ०.४२ युनिट. चौघांच्या चार बादल्या धरल्या तर महिन्याला पन्नास युनिटं. आता तेच चौघं शॉवरखाली पाच-पाच मिनिटं उभे राहिले, तर साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. माणशी ४५ लिटर धरा: महिन्याची १२६ युनिटं होतात. दुसऱ्या टप्प्याच्या भावाने बादलीवाल्या घराला ६६५ रुपये, शॉवरवाल्या घराला १,६७० रुपये. दरमहा हजार रुपयांचा फरक, तोही एक पैसा खर्च न करता. शॉवर सोडवत नसेल, तर कमी पाणी सोडणारा शॉवरहेड बसवा आणि साबण लावताना नळ बंद करा.

गिझरची वेळही मोजता येते. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ५५ला न्यायला साधारण अठरा मिनिटं घेतो. म्हणजे आंघोळीआधी वीस मिनिटं बटण लावलं की झालं. त्या टाकीतलं पाणी गार पाण्यात मिसळून दीड बादली निघते. दोघांनी पाठोपाठ आंघोळ केली, तर मधे पाणी निवत नाही. एकाने सहाला, दुसऱ्याने साडेनऊला आणि तोवर गिझर चालूच, हा प्रकार महागात पडतो. जुना १५ लिटरचा गिझर दिवसभर चालू ठेवला, तर नुसतं तापलेलं पाणी तापलेलं ठेवण्यात एक युनिटच्या आसपास जातं. साठवणीच्या गिझरवरचे बीईईचे (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे याच गळतीचं मोजमाप आहेत. म्हणून गरजेपुरता लावून लगेच बंद करणाऱ्या घरात पाच तारे आणि तीन तारे यांत फारसं अंतर पडत नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पडतं.

थर्मोस्टॅटची घुंडी बहुतेक गिझरना बाहेरच असते आणि बसवणारा माणूस ती शेवटपर्यंत फिरवून गेलेला असतो. ५५च्या आसपास आणा. त्याहून खाली नेऊ नका. कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहिलं, तर त्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात.

बोअरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो. त्यामुळे बिल दुप्पट होतं असं सर्व्हिसवाले सांगतात, ते फारसं खरं नाही, कारण कॉइल पाण्यातच बुडालेली असते आणि तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं: ती आतून जास्त तापते आणि जळते. मराठवाड्यात, सोलापूरकडे जड पाणी असेल, तर दर वर्ष-दोन वर्षांनी टाकी साफ करून आतला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारा दांडा) तपासून घ्या. त्याने टाकी टिकते.

बादलीतला रॉड वापरणाऱ्यांना एवढंच: आयएसआय खुणेचा घ्या, पाण्यात बोट घालून बघण्याआधी प्लग काढा आणि लहान मुलं, आजी-आजोबा असलेल्या घरात शक्यतो वापरूच नका. यात पाच रुपये वाचवण्यापेक्षा जीव महत्त्वाचा.

गॅस की वीज? भागाकार करा

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या वर पाण्याला देतो, म्हणजे दीडशेच्या आसपास. तुमच्या सिलिंडरच्या भावाला १५०ने भागा. भाव ९०० असेल, तर सहा रुपये युनिट पडलं. शेवटचं युनिट १३ रुपयांना पडणाऱ्या घरात गॅसवर तापवलेलं पाणी निम्म्या किमतीत होतं. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घरात मात्र दोन्ही जवळपास सारखंच.

पण गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवायचा नाही, ही अट हिशोबाच्या आधीची आहे. जळताना तो खोलीतला प्राणवायू वापरतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीतरी याच कारणाच्या असतात. गिझर बाहेर डक्टमध्ये किंवा उघड्या बाल्कनीत बसवून पाणी पाइपने आत आणायचं. अशी जागा नसेल, तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही, बचत कितीही दिसो.

स्वयंपाकालाही हाच भागाकार लागतो, फक्त आकडा बदलतो. शेगडीवर गॅसची साठ-सत्तर टक्के उष्णता भांड्यात जाते, इंडक्शनवर विजेची पंच्याऐंशीच्या आसपास. हे जुळवलं की सिलिंडरच्या भावाला १३८ने भागायचं. ९०० रुपयांच्या सिलिंडरला उत्तर येतं साडेसहा रुपये. तुमचं शेवटचं युनिट याहून महाग असेल, तर इंडक्शनने पैसे वाचत नाहीत, उलट जातात. छतावर सोलर आहे, अशांनाच इंडक्शन खरं परवडतं. एकटा माणूस साठ-सत्तर युनिटांत भागवत असेल, तर दोन्ही जवळपास सारखंच.

बाकी स्वयंपाकघरातल्या बचतीचं आपल्या आयांना शिकवायची गरज नाही: डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून, कुकरमध्ये एकावर एक डबे लावून, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक. ज्योत पिवळी व्हायला लागली की बर्नरची भोकं पिनेने साफ करायची. फ्रिजमधलं दूध थेट गॅसवर न ठेवता आधी बाहेर काढून ठेवायचं.

पंखे: सगळ्यात सरळ सौदा

जुना छताचा पंखा पूर्ण वेगाने ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी विजेवर फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा) तीसच्या आसपास. तीन पंखे, रोज दहा तास, महिना: चाळीस युनिटं वाचतात. दुसऱ्या टप्प्याच्या भावाने ५३८ रुपये. कोकणात, विदर्भात वर्षातले आठ-नऊ महिने पंखा फिरतो, त्यामुळे अडीच-तीन हजारांचे तीन पंखे दोनेक वर्षांत पैसे परत करतात. रात्रभर फिरणारा पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

रेग्युलेटरबद्दल एक गोष्ट अजून लोकांना माहीत नाही. भिंतीवरचा तो जुना, मोठा, हाताला गरम लागणारा चौकोनी डबा पंखा हळू करतो, पण वाचलेली वीज स्वतःच्या आत जाळतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि त्यावर पंखा हळू केला की वीजही खरंच कमी लागते. बीएलडीसी पंखा घेतलात, तर रेग्युलेटर काढूनच टाकायचा असतो. तो जुन्या रेग्युलेटरवर नीट चालत नाही.

दिव्यांचं आता सांगण्यासारखं उरलं नाही. जाड चोकवाली जुनी ट्यूब घरात असेल, तर ती चोकसकट पन्नास वॅट खाते. २० वॅटची एलईडी ट्यूब लावून मोकळे व्हा.

उन्हाळा: एसी, कूलर आणि गच्ची

एसीची युनिटं बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून ती सर्वांत महाग. दीड टनाचा जुना एसी रात्री आठ तास चालला, तर कॉम्प्रेसर मधेमधे बंद पडतो हे धरूनही आठेक युनिटं सहज जातात. महिन्याची अडीचशे. २८० युनिटांचं घर एका महिन्यात ५३०वर जातं आणि बिल बघून सगळे मीटरवर संशय घेतात.

बीईईच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२०पासून तारांकित एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात, ते याचसाठी. २३ऐवजी २६ ठेवा आणि पंखा दोनवर सोडा. तेवढ्याने चाळीस-पंचेचाळीस युनिटं उतरतात आणि त्या टप्प्यात त्याचे आठशे रुपये होतात. पहाटे तीनचा टायमर लावला, तर खोली पाचपर्यंत गारच राहते. आतली जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. नवा एसी घेताना तारे मोजत बसू नका. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत असल्याने जुन्या साठ्यातला पाच तारेवाला नव्या पाच तारेवाल्याच्या बरोबरीचा असेलच असं नाही. लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, त्यांची तुलना करा.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात कूलरला तोड नाही. दोनशे वॅटमध्ये तो जे काम करतो, त्याला एसी हजार-दीड हजार वॅट घेतो. फक्त कूलर कोरड्या हवेवर जगतो. म्हणून तो खिडकीत, बाहेरची हवा आत ओढेल असा बसवायचा आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा ठेवायचा. खोली बंद करून मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात नुसता दमटपणा करतो. वाळ्याच्या ताट्या दर मोसमाला बदला, क्षार चढून कडक झालेल्या ताट्यांतून ना पाणी झिरपतं ना वारा. रात्री गारवा आला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. मृगाचा पाऊस पडला की कूलर झाकून ठेवायचा. मुंबई, रत्नागिरी, पणजीत तो मुळातच निरुपयोगी.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एसी घेण्याआधी गच्चीकडे बघावं. दिवसभर तापलेलं छत रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतं, म्हणून वरच्या मजल्याची खोली बाहेरच्या हवेपेक्षाही गरम राहते. मार्चमध्ये गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चांगल्या चुन्याचे दोन हात मारले, तर छत बरंच कमी तापतं. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, रंग काही वर्षं टिकतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा शेडनेट बांधणं जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णता आतच राहिली.

फ्रिज आणि कपडे

फ्रिज वर्षभर चालतो, त्यामुळे तिथली थोडी बचतही जमत जाते. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर रबर गेलंय. ते बदलायला फार खर्च येत नाही. मागे वीतभर जागा सोडा. फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ साठला की डीफ्रॉस्ट करा. हिवाळ्यात आतल्या घुंडीचा आकडा कमी करा, मेमध्ये वाढवा. रात्री फ्रिज बंद ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात, तो ऐकू नका: सकाळी तो दुप्पट वेळ चालून वाचलेलं बहुतेक भरून काढतो आणि दूध नासतं ते वेगळंच. वीस वर्षांचा फ्रिज दिवसाला दोन युनिटं खात असेल, तर मात्र बदलण्याचा विचार करा. आणि जुना ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ हॉलमध्ये चालू ठेवू नका.

हीटर असलेल्या वॉशिंग मशीनमधली बहुतेक वीज ड्रम फिरवण्यात जात नाही, पाणी तापवण्यात जाते. फ्रंट लोड मशीन मुकाट ४० किंवा ६० अंशांवर लावलेलं असतं. रोजचे कपडे गार पाण्यात निघतात. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळी एकत्र.

तुमच्याकडे टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) बसला असेल, तर महावितरण जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत देतं. मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी चालवा. पण त्यासाठी घराचं वेळापत्रक उलटंपालटं करू नका. महिन्याची चाळीस युनिटं दुपारी हलवली, तर ३२ रुपये वाचतात.

खोली तापवायची वेळ आली तर

निफाडच्या थंडीत किंवा महाबळेश्वरला महिनाभर हीटर लागतो, इंदूर-ग्वाल्हेर-दिल्लीकडच्या मराठी घरांना जास्तच. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिटं. ऑइलचा हीटर ‘कमी वीज खातो’ असं दुकानदार सांगतो, पण कॉइल, हॅलोजन आणि ऑइल हे तिघेही एका युनिटात सारखीच उष्णता देतात. ऑइलवाला फक्त हळूहळू देतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो. खरा फरक पडतो तो गरम करण्याची सोय असलेल्या इन्व्हर्टर एसीने. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटात अडीच-तीन पट उष्णता मिळते. आणि झोपताना खोलीऐवजी अंथरूण गरम करा: पन्नास-साठ वॅटचं हीटिंग पॅड, वर गोधडी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही, कारण वर सांगितलेला तोच विषारी वायू.

छतावरचं ऊन

स्वतःची गच्ची असेल, तर आधी सोलर वॉटर हीटर. शंभर लिटरचा संच दोघा-तिघांना पुरतो. पाणी जड असेल, तर काचेच्या नळ्यांचा किंवा हीट एक्स्चेंजरवाला घ्या, साध्या तांब्याच्या पाइपांत क्षार बसतात. दोन गोष्टींकडे प्लंबर लक्ष देत नाही. एक, गच्चीपासून बाथरूमपर्यंतच्या वीस मीटर पाऊण इंची पाइपात पाचेक लिटर गार पाणी उभं असतं. पाइपाला फोमचं आवरण घाला आणि सुरुवातीचं पाणी बादलीत धरून वापरा. दोन, टाकीतली बॅकअपची कॉइल कायम चालू ठेवू नका. थर्मोस्टॅट रात्रीच पाणी तापवून ठेवतो आणि सकाळी उन्हाला काही कामच उरत नाही. ढगाळ दिवशी पहाटे हाताने लावायची, एरवी बंद.

सोलर पॅनेल बचतीनंतर. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे महिन्याला शंभर-एकशे वीस, पावसाळ्यात बरीच कमी. सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा लागते. एजन्सीचा माणूस तीन किलोवॅटच सुचवेल. तुमचा वापर २८०वरून २२०वर आला असेल, तर दीड-दोन किलोवॅट पुरतं: पहिल्या किलोवॅटने महागडी युनिटं जातात, त्यानंतरच्याने स्वस्त. आर्थिक वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव किरकोळ असतो, तेव्हा मोठा संच बसवून कमाई होईल या आशेवर राहू नका. स्थिर आकार सुटत नाहीच.

सोसायटीत स्वतःची गच्ची नसते, पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल मेंटेनन्समधून तुम्हीच भरता. त्या सामायिक मीटरसाठीही योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सभेत विषय काढण्याआधी सामायिक मीटरची वर्षाची बिलं सेक्रेटरींकडून मागून घ्या, आणि पंप लावल्यावर टाकी भरून किती वेळ ओसंडत असते तेही एकदा बघून या. टाकी भरली की पंप थांबवणारा दीड हजाराचा फ्लोट स्विच बसवायला कुणाच्या अनुदानाची गरज नाही.